येडाईची गोष्ट काचेमागे मावेल का?

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्यात लाखो हात काळ्या रानातले पांढरे खडे वेचत असतात. बालाघाटच्या डोंगरावरच्या देवळातून येडेश्वरीची पालखी खाली उतरते, गावातून मिरवत चुन्याच्या रानात येते. तिथे जमलेला प्रत्येक जण, मग तो बार्शीचा असो, लातूरचा असो की पुण्याला कामाला गेलेला असो, वाकून चुनखडीचे खडे उचलतो आणि ढिगावर टाकतो. मग पालखी आमराईतल्या देवळात जाते आणि पाच दिवस तिथेच मुक्काम करते. वेचलेल्या खड्यांचा चुना देवीच्या देवळाला लागतो, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कळंब तालुक्यातलं हे गाव एरवी सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्याला चहापाण्याचा थांबा वाटावं असं. पण मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात ज्या घरांची कुलदेवता येडाई आहे, त्यांचं वर्ष या गावापाशी येऊन वळतं.

या यात्रेच्या दिवसांत बालाघाटातल्या लोककथांचं एखादं प्रदर्शन भरवावं का, आणि भरवलं तर कसं? या प्रश्नावर दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. या लेखात ती एका आत्याच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातली आहेत, कारण या पट्ट्यात ही दोन्ही मतं बहुधा एकाच घरात नांदतात.

आत्या आराधी आहे. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी मळवट, मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन जोगवा. नवरात्रात तिचा मेळ बसला की संबळ आणि झांजेवर गाणी पहाटेपर्यंत चालतात. भाचा वस्तुसंग्रहालयाचं शास्त्र पुण्यात शिकला आहे. येत्या चैत्रात आमराईजवळ मांडव टाकायचा, बालाघाटाचा मोठा नकाशा लावायचा, त्यावर कथांच्या जागा दाखवायच्या, जुन्या वस्तू मांडायच्या आणि कानाला लावून गोष्टी ऐकता येतील अशी सोय करायची, हे त्याच्या मनात आहे. सुरुवात त्याने घरातूनच केली.

"आत्या, तुझी परडी, पोत आणि माळ मला पाच दिवस दे. बाकीचं मी बघतो."

"आणि त्या पाच दिवसांत मी जोगवा कशात मागू?"

"तुला दुसरी परडी आणून देतो."

"मग ती दुसरीच ठेव की काचेत."

भाच्याला हसू आलं, पण त्याचं उत्तर तयार होतं. दुसरी परडी बाजारातून आणलेली असेल. तिला हळद-कुंकवाचे थर चढलेले नसतील, कडेला हाताची झीज नसेल. बघणाऱ्याला वापरातली वस्तू बघायची असते.

"वापरातली बघायची असेल तर वापरताना बघावी," आत्या म्हणाली. "परडी रिकामी ठेवत नसतात, लेकरा. तुझ्या काचेत तिला मीठ-पीठ कोण घालणार?"

दोघांमधलं अंतर इथेच उघडं पडतं. भाच्याच्या दृष्टीने परडी हा पुरावा आहे आणि तो जपायला हवा. आत्याच्या दृष्टीने परडी हे चालू काम आहे, ते थांबलं की मागे उरते ती वेताची टोपली. संग्रहालयशास्त्राची पुस्तकं या प्रश्नाशी अनेक दशकं झुंजत आली आहेत. आत्याने तो दोन वाक्यांत मांडला.

भाच्याने मग जगातले दाखले काढले. जर्मनीत कासेल नावाच्या शहरात ग्रिम बंधूंच्या कथांसाठी अख्खं संग्रहालय आहे, २०१५ साली उघडलेलं. त्या कथांच्या पहिल्या आवृत्तीची ग्रिम बंधूंनी स्वतः वापरलेली, समासात टिपणं केलेली प्रत इतकी मोलाची मानतात की २००५ साली युनेस्कोने तिला जगाच्या स्मृतिठेव्यात जागा दिली. डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावी अँडरसनच्या परीकथांसाठी जपानी वास्तुकार केंगो कुमा यांनी बांधलेलं नवं संग्रहालय २०२१ मध्ये सुरू झालं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत २०२३ च्या ऑक्टोबरपासून २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत केवळ अद्भुत कथांचं मोठं प्रदर्शन होतं. "लोक तिकीट काढून जातात, आत्या. परीकथा बघायला. आपल्याकडे एका डोंगररांगेत अर्धं रामायण घडलेलं आहे, आणि त्याची साधी पाटीसुद्धा धड नाही."

"त्या ग्रिम भावांना गोष्टी सांगितल्या कुणी?"

भाच्याला उत्तर माहीत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. त्यांना गोष्टी सांगणाऱ्यांत बऱ्याच बाया होत्या. त्यांतली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे डोरोथिया फीमान, कासेलजवळच्या खेड्यातल्या एका शिंप्याची बायको. तिचं माहेर खाणावळीचं. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी तिच्या ध्यानात राहिल्या होत्या. ती परसातला भाजीपाला विकायला शहरात यायची आणि ग्रिमांच्या घरी बसून गोष्टी सांगायची. १८१५ च्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत तिचं कौतुक आहे आणि १८१९ च्या आवृत्तीत तिचं चित्र छापलेलं आहे. तोवर ती वारली होती.

"म्हणजे चित्र छापलं ते बघायला ती नव्हती."

"नव्हती."

"आणि गोष्टी तशाच ठेवल्या का, तिनं सांगितल्या तशा?"

नाही ठेवल्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीपासून १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत धाकटा भाऊ विल्हेल्म त्या घासत-पुसत राहिला. हिमगौरीच्या गोष्टीत मुलीच्या जिवावर उठलेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. सख्खी आई असं वागते हे शहरी वाचकांच्या घरात लहान मुलांसमोर वाचायला नको वाटत होतं. आज जगभरच्या मुलांना सावत्र आईच ठाऊक आहे. एका माणसाने लेखणी फिरवली आणि गोष्ट तिथे गोठली.

आत्याला हवा तो मुद्दा भाच्याच्याच तोंडून मिळाला होता. पण ती त्यावर थांबली नाही, तिने येडाईची गोष्ट पुढे केली. "आता मला सांग, तुझ्या मांडवाच्या दारात येडाईची गोष्ट लिहिणार ना? कुठली लिहिणार?"

कथा या भागात पोराटोरांना माहीत आहे. सीतेला रावणाने नेलं. राम रानोमाळ हिंडतो, झाडांना मिठ्या मारतो, दगडांना विचारतो. पार्वती ते वरून पाहते आणि शंकराला म्हणते, हा बायकोसाठी रडणारा माणूस देव कसला? शंकर म्हणतो, बघ परीक्षा घेऊन. पार्वती सीतेचं रूप घेऊन वाटेत उभी राहते. राम तिला पाहताच ओळखतो आणि आई म्हणून हाक मारतो. येरमाळ्यात सांगतात की तो म्हणाला, आई, तू येडी आहेस का? तीच इथली येडाई. तुळजापुरात सांगतात की तो म्हणाला, तू का आई? तीच तुकाई, तुळजाभवानी. दोन्ही देवी बहिणी मानतात, येडाई धाकटी. घटना एक, गावं दोन, देवी दोन, आणि भक्तांना त्यात काही अडचण वाटत नाही. येरमाळ्याची यात्रा करून माणूस तुळजापूरला जातो आणि तिथलीही कथा तेवढ्याच मनाने ऐकतो.

भाच्याने नकाशाचा कागद उघडला. त्याची मांडणी खरोखर सुरेख होती. येडशीजवळ रामलिंगाच्या खोऱ्यात जटायू पडला, रामाने बाण मारून पाणी काढलं आणि त्याला पाजलं, तिथे त्याची समाधी दाखवतात. आज ते सगळं रान अभयारण्यात आहे. येरमाळ्याच्या डोंगरावर पार्वतीने परीक्षा घेतली. तुळजापूरच्या घाटशिळेवर उभं राहून देवीने रामाला लंकेची वाट दाखवली. वाल्मीकीच्या रामायणात ज्या प्रवासाला अरण्यकांडाचे कितीतरी सर्ग लागतात, तो इथे एका दिवसाच्या एसटी प्रवासात बसतो. लोकांनी महाकाव्य आपल्या पाणवठ्यांवर, घाटांवर, टेकड्यांवर आणून ठेवलं आहे.

आणि भाच्याने इथे एक तुलना केली, ती त्याच्या प्रदर्शनातली सर्वांत मोलाची भिंत ठरेल. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, म्हणजे १५७४ साली लिहायला घेतलेल्या ग्रंथात, हीच परीक्षा बालकांडात येते. तिथे परीक्षा घेणारी सती आहे. राम तिला ओळखतो, नमस्कार करतो. ती परत येऊन शंकराशी खोटं बोलते. जिने सीतेचं रूप घेतलं तिला पत्नी कसं मानावं, म्हणून शंकर मनातून तिचा त्याग करतो. तिथून गोष्ट दक्षाच्या यज्ञाकडे आणि सतीच्या मरणाकडे जाते. बालाघाटावर त्याच प्रसंगाला अगदी वेगळं वळण आहे. शंका घेतली म्हणून इथे देवीला शिक्षा होत नाही. तिला डोंगर मिळतो, ठाणं मिळतं, यात्रा मिळते, आणि रामाने लाडाने दिलेलं नाव ती कायमचं धारण करते. शंका घेणाऱ्या बाईविषयी दोन परंपरांची मनोभूमी किती निराळी आहे, हे यातून समजतं. येरमाळ्याच्या लोकांनी याचा अभिमान बाळगावा.

"हे तू चांगलं सांगितलंस," आत्या म्हणाली. "पण हे भिंतीवर लिहिलंस की पुढच्या वर्षी सगळे तेच सांगतील. आमच्या मेळात एक म्हातारी होती, ती सांगायची की राम काही बोललाच नाही. नुसता पाया पडला. बोलला तो लक्ष्मण. ती सांगायची तेव्हा बाया रडायच्या. ती कुठं लिहिणार?"

"तीही लिहू. शेजारी शेजारी."

"आणि तिसरी?"

"तिसरीही."

"लेकरा, मग भिंत पुरायची नाही तुला."

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या अडचणीला तोंड दिलेलं आहे. रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यभर देवदेवतांच्या कथांचे पाठभेद गोळा केले. एकच 'खरी' कथा शोधत बसण्यापेक्षा कथा का बदलली हा प्रश्न त्यांनी विचारला. १९७८ साली आलेल्या त्यांच्या 'लज्जागौरी' या ग्रंथात रेणुका, यल्लम्मा, मातृदेवतांच्या मृण्मूर्ती यांचा धागा त्यांनी भूदेवीपर्यंत नेला आहे. ज्या तेरमधून अशा मूर्ती मिळाल्या ते तेर याच धाराशिव जिल्ह्यात आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव तगर असं येतं. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने रानात, पांढरीत सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, त्यांतून तेरचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथे आहेत. पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. भाच्याने हा दाखला दिला तो आत्याला पटवण्यासाठी. गावातल्या माणसाने जमवलं नसतं तर हे सारं नांगराखाली गेलं असतं.

आत्याला तेर चांगलं ठाऊक होतं, गोरोबाकाकांच्या यात्रेला ती जाते. "त्या मूर्तींना आता कुणी नवस बोलत नाही ना? मग ठेवा संग्रहात. आमच्या येडाईला बोलतात."

तिचा हा भेद मोलाचा आहे. ज्या वस्तूचा वापर थांबला ती संग्रहालयात गेली तर तिचं कल्याणच होतं. वापर चालू असताना नेली तर वापरणाऱ्यांच्या हातून काहीतरी काढून घेतलं जातं. पण या दोन अवस्थांमध्ये एक तिसरी अवस्था असते, वापर संपत आलेला असतो तेव्हाची. भाच्याचा सगळ्यांत भक्कम युक्तिवाद तिथे होता, आणि तो मांडताना त्याचा आवाज बदलला.

"आत्या, आजी जात्यावर गायची. तुला किती ओव्या येतात तिच्या?"

ती गप्प झाली.

गिरणी आली, जातं उंबऱ्याबाहेर गेलं आणि ओवीला बसायला जागा राहिली नाही. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी विसरा असंही म्हटलं नव्हतं. गाण्याचं निमित्त गेलं, एवढंच. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने बायकांच्या गाण्यांचे, कहाण्यांचे, सणवारांचे खंडामागून खंड प्रसिद्ध केले ते याच घाईने. पुढे पुण्यात गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी एक हजारांहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांच्या पश्चात हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला, आणि २०१७ पासून तो गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी, जिथे आहे तिथे तिच्या आवाजासह लोकांपुढे ठेवला जातो आहे. ज्या बायांनी शेतात, घरात, पहाटेच्या अंधारात ही गाणी रचली, त्यांच्या नाती आता ती मोबाइलवर ऐकू शकतात.

"तुझ्या मेळात तिशीच्या आतल्या किती जणी आहेत?" भाच्याने विचारलं. "आणि टाळेबंदीची दोन वर्षं आठव. २०२० चा चैत्र, २०२१ चा चैत्र. चुन्याच्या रानात माणूस नव्हतं. मी पुण्यात मोबाइलवर येडाईची गाणी ऐकत होतो, तीसुद्धा कॅसेटवाल्यांनी केलेली. तुझं एकही नव्हतं."

आत्याने यावर वाद घातला नाही. त्या दोन चैत्रांनी तिला काय वाटलं असेल, हे ज्याने देऊळबंद यात्रा पाहिली त्यालाच कळेल. थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली की गाणी मोबाइलमध्ये राहतात, पण मेळ कसा धरायचा, कुणाच्या मागे कुणी उचलायचं, पोत विझत आला की तेल कुणी घालायचं, हे मोबाइल शिकवत नाही. ते शिकायला माणसाने रात्रभर शेजारी बसावं लागतं. तिचंही खरं आहे. 'पारी'च्या संग्रहात ओवी आहे, पण त्यामुळे पुन्हा कुणी जात्यावर बसलेलं नाही. ध्वनिमुद्रणाने शब्द आणि चाल वाचते, निमित्त वाचत नाही.

मग तिने भाच्याला वही उघडायला लावली. "येणारे कार्यक्रम लिहायचेत ना तुला? घे लिहून. चैत्री पौर्णिमा, येरमाळा. श्रावणी पौर्णिमा, पुन्हा येरमाळा. भादव्यातल्या वद्य अष्टमीला तुळजापूरची आई पलंगावर निजते, घटस्थापनेच्या पहाटे उठते. दसऱ्याला सीमोल्लंघन. पलंग घोडेगावचा येतो, पालखी बुऱ्हाणनगरची, एवढ्या लांबून नगरकडून. मग कोजागिरीपर्यंत पुन्हा निजते. पौषात पौर्णिमेला नळदुर्गाचा खंडोबा. तो देव दोन गावांचा. सव्वादहा महिने अणदुरात राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गात. झालं वर्ष. तुझं प्रदर्शन वर्षभर चालूच आहे, मांडव तेवढा नाही."

भाच्याने सगळं लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता त्याला आपल्या आराखड्यातली उणीव दिसली. त्याने जागांचा नकाशा केला होता, तिथींचा केला नव्हता. तुळजापूरची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून उतरते, झोपते, दसऱ्याला बाहेर येते. खंडोबा गाव बदलतो. येडाईची पालखी आमराईत राहायला येते. इथली दैवतं वर्षभर कुठे ना कुठे निघालेली असतात आणि प्रत्येक गोष्ट त्या-त्या मुक्कामी सांगितली जाते. सीमोल्लंघनाची गोष्ट चैत्रात सांगितली तर ऐकणारा ऐकेल, पण तिचं बळ निम्मं होईल. श्रावणातल्या वारांच्या कहाण्यांचंही असंच आहे. आदितवारची कहाणी शुक्रवारी कुणी वाचत नाही.

यावर भाच्याने सुचवलेला बदल चांगला होता: चैत्रात फक्त चैत्राचं मांडायचं. बाकीच्या गोष्टी त्यांच्या त्यांच्या गावी, त्यांच्या तिथीला, छोट्या मांडवात. आत्याने त्याला हरकत घेतली नाही.

चुनखडीवरून मात्र दोघांची खडाजंगी झाली. भाच्याला एक फलक लावायचा होता. बालाघाट बेसॉल्ट खडकाचा, त्यापासून झालेली काळी माती चुनयुक्त. कमी पावसाच्या मुलखात पाण्यात विरघळलेला चुना खाली वाहून जात नाही, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुना गाठींच्या रूपाने मातीतच साचतो. नांगरटीने आणि पावसाने त्या गाठी वर येतात. त्याच भट्टीत भाजून, घाणीत मळून जुने वाडे, गढ्या, बारवा बांधल्या गेल्या. या रानात त्या दिवशीच खडे सापडतात असं कुणी सांगत असेल तर त्याला हे समजायला हवं, असं त्याचं म्हणणं.

"मला समजत नाही असं वाटलं का तुला?" आत्याचा आवाज चढला. "कुळवाला खडे लागतात, पायाला रुततात, वर्षभर. ते कुणाला माहीत नाही? शेतात राबणाऱ्याला तू खड्याची गोष्ट सांगणार?"

"मग लोक असं का सांगतात?"

"त्या दिवशी ते सगळ्यांनी मिळून उचलायचे असतात म्हणून. पाटील उचलतो, मजूर उचलतो, पोलीस उचलतो. एरवी त्याच खड्याला आम्ही शिव्या देतो."

भाच्याने फलक सोडला नाही, आणि सोडूही नये. शास्त्र सांगणं हे प्रदर्शनाचं कामच आहे, आणि ज्या भाविकाला मातीचं ज्ञान आहे त्याचा त्याने अपमान होत नाही. पण फलकाचा मजकूर बदलला. त्यात आता भ्रम दूर करण्याची भाषा नाही. खडा मातीत कसा तयार होतो, चुना कसा करतात, आणि मग तो एका दिवशी सगळे का वेचतात, अशा क्रमाने तो आहे. तिसऱ्या भागातलं आत्याचं वाक्य त्याने तिच्याच शब्दांत घेतलं.

तेव्हा आत्याने विचारलं, त्याखाली नाव कुणाचं?

हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलखात दौऱ्यावर असताना त्यांची मुलगी मेरी सोबत होती. मुक्कामाच्या वाटेवर तिची आया ॲना लिबेराता डिसूझा तिला गोष्टी सांगायची. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिच्या आजीच्या. १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' निघालं. मुखपृष्ठावर नाव मेरी फ्रिअरचं. पण मेरीने एक गोष्ट केली, जी त्या काळातल्या पुष्कळ संग्राहकांनी केली नाही. ॲनाची स्वतःची हकीकत, तिचं बालपण, तिचं वैधव्य, तिचं कष्टाचं आयुष्य, सगळं तिच्याच बोलण्याच्या ढंगात पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं. राक्षस आणि राजकन्या वाचण्याआधी वाचकाला सांगणारी बाई भेटते. पुस्तक अनेक भाषांत गेलं, अनेक आवृत्त्या निघाल्या. आज ते उघडलं की ॲनाची हकीकत कथांपेक्षा अधिक वेळ मनात राहते.

भाच्याने कायदाही सांगितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्याला, सादर करणाऱ्याला स्वतःचा हक्क मिळाला. गाणं परंपरेचं असलं तरी तिने गायलेलं तिचं, आणि तो हक्क ५० वर्षं टिकतो. तिच्या संमतीवाचून कुणी ते मुद्रित करून विकू शकत नाही. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारशाच्या करारातही ज्यांचा वारसा आहे त्यांचा सहभाग सांगितलेला आहे. कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये आणि गुजरातचा गरबा २०२३ मध्ये त्या यादीत गेला.

"यादीत गेल्यावर गरबा बदलला का?"

"माहीत नाही."

"मग ते राहू दे. आपल्या जवळचं सांग."

जवळचं उदाहरण सिंधुदुर्गात आहे. कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाचे लोक चित्रकथी करतात. एका कथेची चित्रं एका पोथीत असतात. एकेक चित्र उभं धरायचं आणि तेवढा भाग गाऊन सांगायचा. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हाही त्यांचाच वारसा. पैठण शैलीची अशी चित्रं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत आणि ती पाहताना डोळे निवतात, पण तिथे ती बोलत नाहीत. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं कलादालन केलं, २००६ मध्ये, आणि तिथे पोथ्या भिंतीवरही आहेत आणि हातातही. पाहुणा आला की घरातलंच माणूस बाहुली उचलतं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे संग्रहालय करणारे आणि कथा सांगणारे एकाच घरचे आहेत, म्हणून परडी कुणाला द्यायची हा प्रश्नच उठत नाही.

येरमाळ्याला हा नमुना जवळचा आहे. पुण्याच्या संस्थेने येऊन पाच दिवस मांडव टाकावा आणि सामान गुंडाळून जावं, यापेक्षा आमराईच्या मुक्कामात आराधी मेळांनीच आपलं दालन मांडावं, आणि भाच्यासारख्यांनी नकाशा, फलक, ध्वनिमुद्रण, कागदपत्रं सांभाळावीत. यात खर्च कमी आहे आणि वाद जास्त आहेत. ते वाद होऊ द्यावेत. कुठला पाठ आधी, कुठल्या मेळाचं नाव वर, कुठल्या गावाची पालखी कुठे थांबली, यावरून यात्रेत नेहमीच भांडणं होत आली आहेत, आणि तरी यात्रा चालली आहे.

एक गाठ मात्र सुटली नाही. काही गाणी फक्त रात्री, पोत पेटलेला असताना, देवीपुढे म्हणतात. भाच्याला ती मुद्रित करायची आहेत, कारण ती येणाऱ्या बायांची वयं तो जाणतो. आत्या म्हणते, ती गाणी दिवसा मांडवात वाजली तर मेळातल्या बाया माझ्याकडे बघणार नाहीत. त्याने तोडगा काढला: मुद्रण करू, पण ऐकवणार नाही, कुलूप लावून ठेवू. तिने विचारलं, किल्ली कुणाकडे? तो म्हणाला, मेळाकडे. मेळ मोडला तर? याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. तिने त्याला ते लिहून आणायला सांगितलं, आणि तोवर यंत्र पिशवीत ठेवायला लावलं.

परडीचा निकाल लागला. ती काचेत जाणार नाही. दुपारी उन्हं उतरल्यावर आत्या तिच्यासह मांडवात येऊन बसेल, आरतीची वेळ होईपर्यंत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नकाशा ती समजावेल, रामलिंगापासून घाटशिळेपर्यंत. म्हातारीचा पाठही सांगेल, लक्ष्मणाचा.

"पण फुकट नाही," ती म्हणाली.

"किती द्यायचे, आत्या?"

"मांडवात संबळवाल्याला देशील तेवढेच. आणि आधी त्याला विचारून ये, तो किती घेतो."